रस्त्याकडेच्या नवलाईच्या वस्तू आणि चबुतऱ्यावरची विमानं: नागपुरात फोटो कसे काढायचे

नागपुरात हाती नवा कॅमेरा किंवा बरा मोबाइल आला की माणूस आधी फुटाळ्यावर जाऊन सूर्यास्त काढतो, मग दीक्षाभूमीचा स्तूप. दोन्ही जागा सुरेखच आहेत. पण रस्त्यावर मध्येच उभ्या असलेल्या, कुणी का ठेवल्या हे पटकन न कळणाऱ्या वस्तूंचं ज्याला वेड आहे, त्याला या शहरात वर्षभर पुरेल इतका ऐवज आहे. भर चौकातले चार घोडे, रुळांवरून कायमचं उतरलेलं इंजिन, खांबावर चढवलेलं लढाऊ विमान, एकावर एक चार मजले रचलेली वाहतूक. आपण रोज त्यांच्याखालून गाडी काढतो आणि मान वर करत नाही.

हे काम नव्यानं सुरू करणाऱ्यांना एकच गोष्ट आग्रहानं सांगेन: वस्तू तिच्या रस्त्यासकट काढा. कोरं आकाश मागे ठेवून काढलेलं विमान कुठल्याही गावचं असू शकतं. त्याच्या सावलीत लागलेला पानठेला, बाजूची सायकल, मागची दुकानाची पाटी फोटोत आली की ते नागपूरचं होतं, आणि त्या वर्षाचंही होतं. या वस्तू हलतात, रंगवल्या जातात, कुंपणाआड जातात. आपल्या विमानतळावरच्या बोइंग 720 चंच घ्या. 1991 मध्ये उतरलेलं ते विमान परत उडालंच नाही. चोवीस वर्षं तिथंच उभं राहिलं आणि 2015 मध्ये बाजूला ओढून नेलं. इतकी वर्षं शहरानं ते गृहीत धरलं होतं. आज त्याचे चांगले, तारखेसकट असलेले फोटो शोधायला बसलात तर फारसं काही हाती लागत नाही.

आधी फेरी, मग फोटो

पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहू द्या. रविवारी सकाळी सातच्या आत निघा, कारण सीताबर्डीच्या बाजारातली गर्दी उठायच्या आधीचे दोन तास सोन्याचे असतात. झिरो माईल, विधान भवनाचा परिसर, कस्तुरचंद पार्क, सदर, गड्डीगोदाम असा एक पट्टा पायी किंवा गाडी हळू चालवत बघता येतो. महाल आणि इतवारीसाठी वेगळा दिवस ठेवा आणि तिथं पायीच फिरा. प्रत्येक वस्तूपाशी तीन गोष्टी टिपून घ्या: तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आडव्या तारा कुठून जातात आणि समोर उभं राहायला किती मोकळी जागा आहे. मोबाइलमधलं होकायंत्र दिशेपुरतं पुरेसं आहे.

दिशेची नोंद कंटाळवाणी वाटते, पण निम्मं काम तिथंच होतं. पूर्वेकडे तोंड असलेली वस्तू सकाळीच काढायची. पश्चिममुखी असेल तर चारनंतर. उत्तरेकडे तोंड असलेल्या वस्तूंचा हिवाळ्यात हिरमोड होतो, कारण तेव्हा सूर्य दिवसभर दक्षिणेकडून कलता जातो आणि त्यांचा चेहरा सावलीतच राहतो. त्यांच्यासाठी ढगाळ दिवस राखून ठेवा.

नागपूरचा उजेड

इथला उन्हाळा फोटोच्या बाबतीत निर्दयी आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, आकाश पांढरं पडतं आणि धातूच्या वस्तूंवर उजेडाचे डाग उमटतात. मोबाइल तापून कॅमेरा बंद पडतो तो वेगळाच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, अकरा ते चार बाहेर पडूच नका, एक अपवाद सोडून. तो पुढे सांगतो.

सगळ्यात चांगला काळ पावसाळ्याच्या सुरुवातीचा. जूनच्या मध्यानंतर पहिल्या सरींनी धूळ बसते, झाडं धुऊन निघतात आणि काळ्या ढगांपुढे करडं विमान किंवा पिवळट दगड असा काही उठून दिसतो की फिल्टर लावायची गरज पडत नाही. रस्त्यावर साचलेलं पाणीही कामाला येतं: मोबाइल उलटा धरून भिंग पाण्याजवळ न्या, चौकातली अख्खी वस्तू प्रतिबिंबात मिळते. त्यानंतरचा क्रम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, तेव्हा हवा स्वच्छ असते. जानेवारीतल्या पहाटेचं धुकं विरळ असतं, पण साडेसातपर्यंत टिकलं तर मागची होर्डिंगं पुसून टाकतं.

परवानगीचं आधी बघा

नागपूर हे लष्कराचं आणि हवाई दलाचंही गाव आहे. वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, अंबाझरीला आयुध निर्माणी, आणि सीताबर्डीचा किल्लाही लष्कराच्याच ताब्यात. अशा ठिकाणच्या दारात एखादं जुनं विमान, तोफ किंवा रणगाडा मांडलेला असेल तर तो रस्त्यावरून दिसतो म्हणून फोटोला मोकळा आहे असं समजू नका. ‘छायाचित्रणास मनाई’ची पाटी असेल तर तिथंच थांबा. पाटी नसली तरी दारावरच्या जवानाकडे जाऊन विचारा. लपून झूम लावणारा माणूस संशयास्पद दिसतो. कॅमेरा खाली करून समोरून चालत येणारा तसा दिसत नाही.

“नमस्कार भाऊ, हे विमान चांगलं आहे. बाहेरूनच एक फोटो काढला तर चालते का?”

“विमानाचा काढा. गेट नाही आलं पाहिजे, अन् आमी पन नाही.”

इतकं बोलणं बहुतेक वेळा पुरतं. नाही म्हणाले तर हुज्जत घालायची नाही, आभार मानून निघायचं. मग आत जायची रीतसर संधी शोधा. सीताबर्डी किल्ला 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतो, आणि हवाई दल कधीमधी नागरिकांसाठी प्रदर्शन किंवा एअर शो ठेवतं. त्या दिवशी काय आणायला परवानगी आहे ते आधी वाचून जा.

विमानतळाच्या कुंपणाशी शिडी लावून किंवा गाडीवर उभं राहून आत डोकावू नका. ड्रोनचा विचार तर सोडूनच द्या: शहरात विमानतळ आणि लष्करी जागा इतक्या आहेत की ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा ‘डिजिटल स्काय’चा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय ते बॅगेतून काढणंही शहाणपणाचं नाही.

सार्वजनिक जागी कायमचे बसवलेले पुतळे आणि इमारती यांचे फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट कायद्याची (1957) आडकाठी नाही, कलम 52 मध्ये तशी सूट आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना मात्र ती सूट इतकी सरळ लागू होत नाही. त्यांचे फोटो विकायचे असतील तर चित्रकाराला विचारा. नुसते दाखवायचे असतील तर निदान त्याचं नाव लिहा, बहुतेकदा ते भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात असतं.

सराव झिरो माईलवर

पहिला सराव इथंच करा. परवानगीची कटकट नाही, जवळच मेट्रो स्थानक आहे आणि वस्तू अवघड आहे, म्हणून शिकायला उत्तम. वालुकाश्माचा उभा खांब, त्याच्याजवळ चार घोडे आणि एक षट्कोनी दगड. 1907 मध्ये ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामात हा खांब उभा राहिला. घोडे नंतरचे.

नवखा माणूस मधोमध उभा राहून सगळं एका फ्रेममध्ये कोंबतो. मग खांब काडीसारखा होतो आणि घोडे त्याला चिकटतात. त्याऐवजी एका घोड्याच्या पुढच्या पायांजवळ बसा, कॅमेरा त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर आणा आणि खांब मागे डाव्या तिसऱ्या हिश्शात ठेवा. आता घोडा उसळतोय असं दिसतं आणि खांबाची उंचीही कळते. मग रस्ता ओलांडून पलीकडे जा, मोबाइलवर दोन किंवा तीन पट झूम करा आणि पुढून जाणाऱ्या ऑटोची वाट बघा. ऑटो अर्ध्यात आला की बटण दाबा. रस्त्यासकट काढायचं म्हणजे काय ते या एका फोटोत कळेल.

षट्कोनी दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत, हैदराबाद 318, जबलपूर 170 अशी. ही अक्षरं समोरच्या उजेडात वाचताच येत नाहीत. उजेड बाजूनं, दगडाला घासून यायला हवा. सूर्य कलता असताना जा किंवा सोबत्याच्या मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायला सांगा. खोबणीत सावली भरते आणि आत्तापर्यंत सपाट वाटणारा दगड बोलायला लागतो. हीच युक्ती पुढे विमानाच्या रिव्हेटांना, तोफेवरच्या खुणांना आणि पुतळ्याखालच्या जुन्या पाट्यांना लागू पडते.

आता तो अपवाद. 26 मेच्या आसपास नागपुरात शून्य सावली दिवस असतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच जिरते. भर नवतपातलं ऊन, डोक्याला दुपट्टा, बाटलीत पाणी, आणि झिरो माईलचा सावली नसलेला खांब. हा फोटो काढायला त्या दिवशी मी आनंदानं भाजून घेईन. जुलैच्या मध्यावर हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग सहसा डाव साधू देत नाहीत.

विमान काढताना

निवृत्त झालेली लढाऊ विमानं हवाई दल शाळा, महाविद्यालयं, उद्यानं आणि चौकांसाठी देत आलं आहे. 1963 पासून सेवेत असलेलं मिग-21 तर 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं, त्यामुळे येत्या काळात ती आणखी ठिकाणी खांबांवर चढलेली दिसतील. समोर कुठलं विमान आहे हे ओळखता आलं तर फोटो निम्मा सुधारतो, कारण कुठला भाग दाखवायचा ते कळतं.

मिग-21 चं नाक म्हणजे गोल तोंड आणि त्यातून बाहेर आलेला शंकू, पंख त्रिकोणी. नॅट अगदी छोटं, जेमतेम नऊ मीटर लांब, पंख पाठीच्या बाजूला वर बसवलेले आणि पोट जमिनीजवळ. 1965 च्या युद्धात त्यानं नाव कमावलं. अजित त्याचंच सुधारलेलं रूप. हंटरची हवा घेणारी तोंडं पंखांच्या मुळाशी असतात. मारुत हे आपल्या देशात बांधलेलं पहिलं लढाऊ जेट, कुर्ट टँक यांच्या आराखड्यावरचं, 1961 मध्ये पहिल्यांदा उडालं. लांबुळकं अंग आणि शेपटाशी दोन इंजिनांची जुळी तोंडं ही त्याची खूण. हेलिकॉप्टर असेल तर पाती मोजा: चेतकला तीन, एमआय-8 ला पाच.

आता उभं कुठं राहायचं? सरळ बाजूनं काढलेला फोटो नोंदीसाठी एक असू द्या, पण तो निर्जीव असतो. नाकापासून साधारण पंचेचाळीस अंश बाजूला सरका. तिथून नाक, काचेचा घुमट, एक पंख आणि शेपूट चारही दिसतात. मिग-21 च्या नाकातून पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) पुढे आलेली असते, बोटभर जाड आणि लांबलचक. बाकी विमान फ्रेममध्ये बसवण्याच्या नादात तिचं टोक कापलं जातं, आणि विमानांची आवड असणाऱ्याला तेच आधी दिसतं. म्हणून नाकापुढे मोकळी जागा भरपूर सोडा. विमान जिकडे निघालंय तिकडे त्याला हवा लागते.

खांबावर चढवलेल्या विमानाची अडचण अशी की जवळून फक्त पोट दिसतं. मोबाइलच्या रुंद भिंगानं खालून काढलं तर नाक भोपळ्यासारखं फुगतं आणि शेपूट गायब होतं. उपाय एकच, मागे व्हा. चौक ओलांडा, समोरच्या फुटपाथवर जा आणि तिथून झूम करा. कॅमेऱ्यावर 70 ते 100 मिलिमीटरच्या आसपासचं भिंग असेल तर आकार खरे उमटतात. जवळपास पादचारी पूल असेल तर त्याच्यावरून बघा. विमान डोळ्याच्या रेषेत आलं की ते उडतंय असं वाटतं.

तारांचं काय करायचं हा सगळ्यांचा प्रश्न. विमानाच्या अंगावरून आडवी जाणारी तार चालत नाही. त्यासाठी दोन पावलं डावीकडे, दोन पावलं उजवीकडे, मग खाली बसून बघा. तार विमानाच्या वर किंवा खाली सरकली की राहू द्या. ती रस्त्याचाच भाग आहे, नंतर संगणकावर पुसत बसू नका. पाण्याची टाकी, होर्डिंग, बस थांबा हेही राहू द्या. मागून उगवलेला विजेचा खांब मात्र विमानाच्या पाठीवर शिंगासारखा दिसतो, तो टाळाच.

धातूचं फिकट अंग आणि उजळ आकाश बघून कॅमेरा गोंधळतो. मोबाइलवर विमानाच्या उन्हातल्या भागावर बोट दाबून धरा, फोकस तिथं बांधला जाईल. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, इतकी की अंगावरची अक्षरं वाचता येतील. कॅमेऱ्यावर एफ 8, आयएसओ 100 आणि एक्स्पोजर उणे दोन तृतीयांश इथून सुरुवात करा. पोलरायझर फिल्टर असेल तर फिरवून बघा, काचेच्या घुमटावरची चमक कमी होते. बऱ्याच ठिकाणी तो घुमट आतून रंगवून बंद केलेला असतो, तेव्हा त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

शेवटी जवळ जा, परवानगी असेल तितकंच. रंगाच्या थरांखालून डोकावणाऱ्या जुन्या सूचना, झिजलेलं टायर, चाकाच्या खोबणीत पारव्यानं केलेलं घरटं, चबुतऱ्यावरची उद्घाटनाची कोनशिला. पंखावर चढू नका, मुलांनाही चढवू नका: जुना पत्रा आतून गंजलेला असतो आणि कडा ब्लेडसारख्या असतात. शेपटाकडच्या भागावर क्रमांक लिहिलेला असतो, तो वेगळा काढून ठेवा. मिग-21 च्या क्रमांकाची सुरुवात ‘सी’नं होते, हंटरची ‘बीए’नं. नव्या रंगरंगोटीत रंगारी कधी एखादा आकडा चुकवतात, म्हणून दोन्ही बाजूंचा क्रमांक घ्या आणि ताडून बघा.

इंजिनं, पूल आणि मारबत

मोतीबागचं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय 2002 पासून आहे. अडीच फुटी रुळांवरची ही इंजिनं माणसाच्या मापाची वाटतात, त्यामुळे शेजारी कुणाला तरी उभं करा. आजोबा-नातू मिळाले तर उत्तमच, विचारून काढा. काळ्या इंजिनासाठी विमानाच्या उलट करायचं: उजेडाची पट्टी थोडी वर. डायमंड क्रॉसिंगसाठी, म्हणजे रूळ एकमेकांना आडवे छेदतात त्या जागेसाठी, मात्र रुळांवर उतरू नका. ते बेकायदा तर आहेच, आणि फोटोसाठी जीव टाकण्यासारखं जगात काही नाही.

गड्डीगोदामला गुरुद्वाराजवळ खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार थर आहेत. संध्याकाळी दिवे लागल्यावर आणि आकाश अजून निळं असताना, म्हणजे सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी जा. मोबाइल कठड्यावर टेकवा, नाइट मोड लावा आणि वाट बघा. मेट्रो आणि खालची आगगाडी एकाच वेळी येणं हा नशिबाचा खेळ आहे, पण आली तर तो फोटो पुन्हा मिळत नाही.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सगळं सोडून मारबतीला, म्हणजे वाईटाला गावाबाहेर घालवणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, जा. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. सोबतचे बडगे दरवर्षी नवे असतात: त्या वर्षीची महागाई, घोटाळा, खड्डे, सगळं कागद-बांबूच्या पुतळ्यांत आणि गळ्यातल्या पाट्यांवर. मिरवणुकीच्या गर्दीत फोटो अवघड जातात, म्हणून आदल्या संध्याकाळीच जागनाथ बुधवारी आणि आसपासच्या वस्त्यांत जा, जिथं बडगे रस्त्याकडेला वाळत आणि रंगत असतात. करणाऱ्यांशी बोला, पाटीवरचा मजकूर पूर्ण येईल असा एक फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो पुतळा जळालेला असतो.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो उतरवा आणि प्रत्येक वस्तूमागे चारपाच ठेवा. फाइलच्या नावात जागा आणि तारीख घाला. ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे अशा नावानं ठेवलेला फोटो वर्षभरानं तुम्हालाच सापडणार नाही. सोबत ओळी लिहा, त्यात शोभेचे शब्द नकोत. अशा:

“झिरो माईल, दक्षिण बाजू. घोड्यांना नवा पांढरा रंग. मागे मेट्रोचा खांब, उजवीकडे ऑटो स्टँड. सकाळी 7:20. पावसानंतर.”

मूळ फाइल तशीच ठेवा, रंग वगैरे जे करायचं ते तिच्या प्रतीवर. एक प्रत घराबाहेर कुठेतरी, क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडच्या हार्ड डिस्कवर असू द्या. चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवलेत तर मराठी विकिपीडियाच्या लेखांना ते वापरता येतात. नागपूरच्या रस्त्यांवरच्या वस्तूंचे फोटो तिथं हवेच आहेत. पानठेलेवाल्या भाऊंचा फोटो काढला असेल तर एक छापून त्यांना नेऊन द्या. आणि तीच जागा सहा महिन्यांनी, त्याच कोपऱ्यावर उभं राहून, पुन्हा काढा.